खडा लाभला तर...

सगळ्यात आधी एक खुलासा करून टाकते. मी कॉन्व्हेंटवाली! के.जी.पासून दहावीपर्यंत ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ म्हणत वाढलेली. मराठी म्हणजे आमच्या शाळेत आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकलेले समानार्थी शब्द. मधल्या सुट्टीत कुणी मराठीत बोलताना सापडलं तर पाच रुपये दंड. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या बॅचची मंडळी गालातल्या गालात हसणार, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. आणि लिहिते आहे तेही एका इंग्रजी कादंबरीवर! पण या पुस्तकावर मराठीतच लिहायला हवं होतं. का, ते पुढे कळेलच.

पुस्तकाचं नाव ‘जेड सिटी’. लेखिका फोंडा ली. हे आलं २०१७ साली. मग ‘जेड वॉर’ (२०१९) आणि ‘जेड लेगसी’ (२०२१) असे पुढचे दोन भाग आले. पहिल्या भागाला २०१८ चा वर्ल्ड फँटसी अवॉर्ड विभागून मिळाला. लेखिका कॅनडातल्या कॅल्गरीची. लेखन हेच काम करण्याआधी ती कंपन्यांमध्ये बिझनेस स्ट्रॅटेजीचं काम करायची, आणि कराटे व कुंग फू दोन्हींत ब्लॅक बेल्ट आहे. पुस्तक वाचताना या दोन्ही गोष्टी जाणवतात. त्यातली मारामारी खरी वाटते आणि हिशेबाच्या वह्यासुद्धा खऱ्या वाटतात!

फँटसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डोंगरावरचा किल्ला, आग ओकणारा ड्रॅगन, पांढऱ्या दाढीचा कुणीतरी म्हातारा आणि त्याच्या हातात काठी. ‘अर्बन फँटसी’ हा त्याचाच शहरात राहायला आलेला भाऊ. इथे जादू असते, पण ती ट्रॅफिकमध्ये, भाड्याच्या खोलीत, हॉटेलच्या मोरीपाशी घडते. मी याआधी वाचलेल्या असल्या पुस्तकांतलं शहर म्हणजे लंडन नाहीतर शिकागो. ‘जेड सिटी’तलं शहर आहे जानलून, केकॉन नावाच्या बेटाची राजधानी. शहर काल्पनिक, बेटही काल्पनिक. पण पहिल्याच प्रकरणात बंदराजवळचं एक हॉटेल येतं, तिथल्या कुरकुरीत स्क्विडच्या गोळ्यांचा वास येतो, आणि स्वयंपाकघरात घाम पुसत उभी असलेली दोन पोरं दिसतात. तिथेच कळतं की आपण युरोपात नाही, पूर्व आशियात कुठेतरी आहोत. काळ साधारण विसाव्या शतकाच्या मधला. गाड्या आहेत, टेलिफोन आहेत, मोबाईल नाही.

आता जेडबद्दल. केकॉनच्या डोंगरात मिळणारा हा हिरवा दगड. जगात दुसरीकडे कुठे तसा मिळत नाही. तो अंगावर घातला की माणसाला ताकद येते, कातडी पोलादासारखी होते, भिंतीपलीकडचा माणूस जाणवतो, लांब उडी घेता येते. अशा सहा विद्या आहेत आणि त्यांचं रीतसर शिक्षण देणारी शाळाही आहे. (आठ वर्षांचा कोर्स, एटीकेटी नाही!) पण गंमत अशी की हा दगड सगळ्यांना चालत नाही. केकॉनी रक्त हवं, लहानपणापासूनचा सराव हवा, आणि तरीही झेपेल तेवढाच घालायचा. जास्त घातला, किंवा ज्याला झेपत नाही त्याने घातला, तर अंगाची आग होते, माणूस भ्रमिष्ट होतो, मरतो. जे हा दगड पेलतात त्यांना म्हणतात ‘ग्रीन बोन’, हिरव्या हाडाची माणसं. त्यांची घराणी शहर चालवतात. पोलीस आहेत, सरकार आहे, पण खरा शब्द चालतो तो घराण्यांचा. ‘नो पीक’ हे एक घराणं आणि ‘माउंटन’ हे दुसरं. गोष्ट आहे नो पीक चालवणाऱ्या कौल कुटुंबाची.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हे म्हणजे ‘गॉडफादर’ आणि कुंग फूची मिसळ झाली. बरोबर आहे, बहुतेक परीक्षणांत हेच लिहिलेलं असतं. मीही तेवढ्यावरच थांबले असते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सगळा घोळ झाला.

डॉक्टरांनी आजीचा टीव्ही बंद केला. दर दोन-तीन तासांनी डोळ्यांत थेंब टाकायची ड्यूटी माझी. आमची आजी कोल्हापूरची, शाळा चौथीपर्यंत. सिरियल बंद म्हणजे तिला उपासच! दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, “काय वाचत बसतीस गं एवढं तासन् तास? मला बी सांग की.” मी म्हटलं, “आज्जी, इंग्लिश आहे ते.” तर म्हणाली, “मग तू मराठीत सांग. शिकलीयस ना एवढी?”

मंडळी, वायवाला एक्स्टर्नलसमोर सुद्धा माझी इतकी वाईट अवस्था कधी झाली नव्हती.

पहिली अडचण, जेडला मराठीत काय म्हणायचं? पाचू म्हणावं तर पाचू म्हणजे एमराल्ड, तो वेगळा. शेवटी ‘हिरवा खडा’ म्हटलं. दुसरी अडचण, घराण्यातल्या पदांची. घराण्याच्या प्रमुखाला पुस्तकात ‘पिलर’ म्हणतात. ते सोपं गेलं, खांब. लढाईचं बघतो तो ‘हॉर्न’. मी सेनापती म्हटलं. आजीने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला आणि म्हणाली, “मग शिंगच म्हण की. अंगावर धावून येतंय त्ये शिंग.” आणि धंदा-पाणी, हिशेब, राजकारण बघतो तो ‘वेदर मॅन’. मी ‘हवामानवाला’ म्हटल्यावर आजीने विचारलं, “वेधशाळेतला?” मग दोघींनी मिळून ‘कारभारी’ हा शब्द ठरवला. दुकानदार घराण्याला पैसे देऊन संरक्षण घेतात, त्यांना पुस्तकात ‘लँटर्न मेन’ असं छान नाव आहे. मी मोठ्या कौतुकाने ‘कंदीलवाले’ असं भाषांतर केलं. आजी म्हणाली, “हप्ता म्हण की सरळ!” आणि कौल हे आडनाव ऐकून तिने विचारलं, “काश्मिरी हाय का ही माणसं?”

पण खरी कमाल पुढे. हा दगड सगळ्यांना का चालत नाही, हे मला कसं समजावून सांगावं तेच कळेना. रक्त, वंश, टॉलरन्स, एक्सपोजर... मी इंग्रजी शब्दांत बुडाले होते. आजी शांतपणे म्हणाली, “लाभत न्हाई म्हण. नीलम कुठं सगळ्यांना लाभतोय? आधी उशाखाली ठेवून झोपायचं, सपान वंगाळ पडलं तर परत द्यायचा सोनाराला.”

लाभणे! इंग्रजीत चारशेहून जास्त पानं वाचून मला जो शब्द सापडला नव्हता तो आजीच्या तोंडात तयार होता. राशीच्या खड्यावर माझा काडीइतका विश्वास नाही. पण या कादंबरीचा सगळा डोलारा ज्या कल्पनेवर उभा आहे, त्या कल्पनेला आपल्या भाषेत आधीपासून क्रियापद आहे, याची मला फार मजा वाटली. ताकद मिळणं वेगळं आणि ती लाभणं वेगळं. पुस्तकातला बेरो नावाचा पोरगा, तोच तो हॉटेलच्या स्वयंपाकघरातला, दगड चोरून का होईना मिळवायचाच म्हणून जिवावर उदार झालेला आहे. त्याच्याकडे रक्ताचा वारसा नाही, गुरू नाही, सराव नाही. त्याला फक्त शॉर्टकट हवाय. अशी माणसं दगड झेपावा म्हणून एसएन-वन नावाचं इंजेक्शन घेतात. ते इंजेक्शन परदेशी सैन्यासाठी तयार झालेलं आणि काळ्या बाजारात पोचलेलं. बेरोचं वाचताना मला रागही येत होता आणि कीवही.

दुसऱ्या बाजूला आहे वेन. ती ‘स्टोन-आय’, म्हणजे तिच्यावर दगडाचा काहीच परिणाम होत नाही, ना चांगला ना वाईट. केकॉनमध्ये अशी माणसं अपशकुनी समजतात. ती समोर आली की लोक कानाची पाळी ओढतात. कौल घराण्यातल्या मधल्या भावाचं, हिलोचं, तिच्यावर प्रेम आहे आणि घराण्याला ते पसंत नाही. हे सांगताना मी सहज म्हटलं, “आपल्याकडे पांढऱ्या पायाची म्हणतात ना, तसं.”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला बी म्हणायची ती. लगीन होऊन आले आन् सहा महिन्यांत सासरे गेले. वर्षभर कुणी हळदी-कुंकवाला बोलवलं न्हाई.”

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. बाबांनासुद्धा. वीस वर्षं मी आजीच्या हातचं खाल्लंय, तिच्याकडून गोष्टी ऐकल्यात, पण हे तिने कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं. त्यानंतर आजीला गोष्टीत रस फक्त वेनचाच. रोज थेंब टाकून झाले की पहिला प्रश्न, “ती पोरगी काय करतीया?” आणि वेन काय करते, ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की ज्या गोष्टीमुळे तिला हिणवलं, तीच पुढे उपयोगी पडते आणि घराण्यातल्या मोठमोठ्या ताकदवानांना जे जमत नाही ते ती करते. आजीने यावर मांडीवर थाप मारली होती!

चौथ्या-पाचव्या दिवशी आजीने विचारलं, “पण ह्ये खरं घडलंय का कुठं?” मी म्हटलं, “नाही गं, कल्पना आहे.” पण मग मलाच चैन पडेना. म्हणून सुट्टीत जर्नल्स पूर्ण करायची सोडून मी पूर्व आशियाचा इतिहास वाचत बसले. (आमच्या एच.ओ.डी. सरांनी कृपया हा परिच्छेद वगळावा.)

केकॉन नकाशावर नाही, पण त्याचे तुकडे नकाशावर सापडतात. कादंबरीत केकॉनवर शोटार नावाच्या देशाची अनेक वर्षं सत्ता होती आणि हिरव्या हाडाची माणसं डोंगरात राहून त्यांच्याशी लढली. आता तैवान बघा. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहानंतर तैवान जपानकडे गेलं ते १९४५ पर्यंत. कोरिया १९१० ते १९४५. या सत्तेच्या शेवटच्या वर्षांत कोरियातल्या शाळांमधून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि १९४० च्या सुमारास लोकांना जपानी नावं घ्यायला लावली. माझ्या शाळेतला पाच रुपयांचा दंड आणि हे, यांची तुलना होऊच शकत नाही. पण ते वाचताना तो दंड आठवला, हेही खरं.

मग युद्ध संपतं, परकी सत्ता जाते, आणि लढलेली माणसं सत्तेवर येतात. त्यानंतर काय? कादंबरीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. कौल आजोबा आणि माउंटन घराण्याचे जुने प्रमुख हे एकेकाळचे खांद्याला खांदा लावून लढलेले सोबती. स्वातंत्र्य मिळालं आणि दोघांची दोन घराणी झाली. पुढची पिढी एकमेकांच्या जिवावर उठली. इतिहासात देशभक्ती आणि गुंडगिरी इतक्या जवळजवळ राहतात, हे मला आधी माहीत नव्हतं. शांघायमध्ये ‘ग्रीन गँग’ नावाची टोळी होती. अफूचा धंदा करायची. १९२७ साली तिचा म्होरक्या डू युएशेंग याच्या माणसांनी चँग कै-शेकच्या बाजूने कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांचं शिरकाण केलं. पुढे हाच डू शहरातला प्रतिष्ठित नागरिक म्हणून मिरवत होता. हाँगकाँगमध्ये ट्रायड टोळ्या होत्या आणि पोलिसांतला भ्रष्टाचार इतका वाढला होता की १९७४ साली त्याविरुद्ध स्वतंत्र आयोग नेमावा लागला. त्याच काळात हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर इतक्या झपाट्याने वाढले की जगाने त्यांना आशियाचे चार वाघ म्हटलं. जानलूनमध्ये हे सगळं एकत्र आहे. उंच इमारती, बंदर, वाढता व्यापार, जुना मानापमान आणि परदेशी सैन्याचे तळ. एस्पेनिया नावाचा बलाढ्य देश केकॉनचा मित्र आहे आणि त्याला दगड हवाय. हा कोणता देश, ते वेगळं सांगायला नको!

मारामारीची परंपराही उसनी नाही. चिनी साहित्यात ‘वूशिया’ नावाचा प्रकार आहे, तलवारबाज वीरांच्या कथा. हाँगकाँगच्या जिन योंगने १९५५ पासून त्या वर्तमानपत्रांत क्रमशः लिहिल्या आणि १९५९ मध्ये तर स्वतःचंच ‘मिंग पाओ’ हे वर्तमानपत्र काढलं. तो २०१८ साली वारला. फोंडा लीने काय केलं, तर त्या वीरांना कोट घालून गाडीत बसवलं आणि हिशेबाची वही हातात दिली. मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण मारामारीचं नाहीच. त्यात धाकटी बहीण शे खाणीचे कागद तपासते. किती दगड निघाला, किती तिजोरीत पोचला, नवी यंत्रं कुठल्या पैशातून आली... आकडे जुळत नाहीत, आणि त्यातून युद्धाची ठिणगी पडते. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचं लेक्चर असं असतं तर मी पहिल्या बाकावर बसले असते!

आणि दगड? तोही खरा. मेकॅनिकलवाल्यांसाठी हा परिच्छेद खास. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात. नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सिलिकेट आणि जेडाइट हे सोडियम-ॲल्युमिनियमचं. ही दोन वेगळी आहेत हे १८६३ साली दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. चीनमध्ये नेफ्राइटचं कोरीवकाम हजारो वर्षांचं आहे. लिआंगझू संस्कृतीतल्या, म्हणजे इ.स.पू. ३३०० ते २३०० च्या काळातल्या वस्तू आजही बघायला मिळतात. मोह्सच्या स्केलवर नेफ्राइट ६ ते ६.५, म्हणजे क्वार्ट्झपेक्षाही मऊ. क्वार्ट्झने त्यावर ओरखडा पडतो. पण हातोड्याने फोडायला जा, सहजासहजी फुटत नाही! कारण त्यातले बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, भेग पुढे सरकायला वाट मिळत नाही. हिरा सगळ्यांत कठीण, पण योग्य जागी घाव बसला तर दोन तुकडे. हार्डनेस आणि टफनेस यांतला फरक मला सेकंड इयरला आयझॉड-चार्पीच्या टेस्टमध्ये पाठ झाला होता. समजला तो आत्ता. कठीण असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. कौल भावंडांत हिलो कठीण आहे, पण घराणं टिकतं ते एकमेकांत गुंतलेल्या माणसांमुळे.

आजीचा पुढचा प्रश्न साधा होता. “खड्डा खणतंय कोण?” कादंबरीत याचं उत्तर आहे. केकॉनचे मूळ रहिवासी अबुकेई, ज्यांना दगड बाधत नाही. दगड त्यांच्या नदी-डोंगरांतला, श्रीमंती घराण्यांची. पहिल्या भागात त्यांच्याबद्दल फार कमी आहे आणि ही मला पुस्तकाची कमी वाटली. खऱ्या जगात उत्तम जेडाइट येतं म्यानमारच्या काचिन प्रांतातून. तिथल्या ह्पाकांत भागात २ जुलै २०२० रोजी खाणीच्या मातीचा ढिगारा पाण्यात कोसळला आणि १७० हून अधिक माणसं गेली. ही माणसं बहुतेक टाकलेल्या मातीत दगडाचे तुकडे शोधत पोट भरणारी होती. हे आजीला सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हंजे घालणाऱ्याला लाभतोय, खणणाऱ्याला न्हाई.” यावर मी काय बोलणार?

आता ज्या पात्रासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते. शे. कौल भावंडांतली ती एकुलती एक बहीण, भावांच्या तोडीस तोड शिकलेली. पण तिने अंगावरचा सगळा दगड उतरवला, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आणि एस्पेनियाला बिझनेस शिकायला गेली. दोन वर्षांनी परत आली तेव्हा तिने वेगळं घर भाड्याने घेतलं. दगडाशिवाय शहरात फिरताना तिला कुणी ओळखत नाही, कुणी वाट सोडत नाही, आणि तिला ते हवंच असतं. तिला स्वतःच्या बळावर काहीतरी व्हायचं असतं. नंतर घरावर एक प्रसंग येतो (कुठला, ते वाचा!) आणि तिला ठरवावं लागतं की लॉकर उघडायचं की नाही.

मंडळी, आपल्यातले कितीजण जी.आर.ई.च्या वर्डलिस्ट घेऊन बसलेत? हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक तरी सापडेल. मीही त्यातलीच. आजोबांनी एका लेथवर सुरू केलेला आमचा छोटा वर्कशॉप आहे. आजोबा गेल्यापासून बाबा आणि काका यांच्यात तो कुणी, कसा चालवायचा यावर धुसफूस असते. जेवताना कुणी मोठ्याने बोलत नाही, पण वाटणी हा शब्द ताटाच्या आजूबाजूला फिरत असतो. या सगळ्यातून लांब जायचं, एम.एस. करायचं, आपलं आपण काहीतरी व्हायचं, असं माझं अकरावीपासून ठरलेलं. म्हणून शे लॉकरला कुलूप लावते तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि ती परत त्याच घराच्या भांडणात ओढली जाते तेव्हा माझा संताप झाला. मी आजीला म्हटलं, “एवढं शिकून काय उपयोग? शेवटी तिथेच!”

आजी म्हणाली, “लॉकरात ठेवला होता ना? टाकून न्हाई दिला. टाकायचाच असता तर नदीत टाकला असता की.”

मी ते पान तीनदा वाचलं होतं. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

तेव्हापासून मी विचार करते आहे की माझ्या लॉकरमध्ये काय आहे. वर्कशॉप असेल, काका-बाबांचं भांडण असेल, पण मला वाटतं सगळ्यात आधी ही भाषा आहे. शाळेने ती उतरवून ठेवायला लावली, मी निमूट ठेवली, आणि इंग्रजीत माझं सगळं छान चाललं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंग्रजीमुळेच तर जानलून मला भेटलं. पण आजीच्या उशाशी बसून ती गोष्ट मराठीत सांगताना पहिल्यांदा जाणवलं, की हा खडा अजून तिथेच आहे. हाताला जड लागतो, सराव गेलाय, चुका होतात. पण मला तो लाभतो. लाभला नसता तर आजीची ती सहा महिन्यांची गोष्ट मला कधीच कळली नसती.

पुस्तकाच्या लेखिकेनेही असंच काहीसं केलंय. तिने इंग्रजीत लिहिलं, पण इंग्रजी वाचकासाठी सगळं सोपं करून ठेवलं नाही. माणसांची आडनावं आधी येतात, जशी चीन-जपान-कोरियात येतात. हिरव्या हाडाच्या माणसाला हाक मारताना नावापुढे ‘जेन’ लावतात, कौल-जेन. आपलं ‘राव’ किंवा ‘साहेब’ असतं तसं. याची फोड करायला ती थांबत नाही. तुमचं तुम्ही समजून घ्या, असा रोखठोक कारभार. लंडनची भुयारी रेल्वे आम्ही न बघता समजून घेतलीच ना? मग जानलूनही घ्या!

पुस्तकात उणं काहीच नाही असं नाही. सुरुवातीची शंभर पानं नावांच्या गर्दीत जातात. हिंसा भरपूर आहे, आणि मानापमानासाठी माणूस मारणं इतकं देखणं लिहिलंय की वाचताना आपणही नकळत हिलोच्या बाजूने ओरडू लागतो. मग एखादं प्रकरण येतं, एखादी आई, एखादा शाळकरी पोरगा, आणि आपला आवाज घशात अडकतो. लेखिका हे मुद्दाम करते असं माझं मत आहे. ज्यांना रक्तपात सोसत नाही त्यांनी जपून वाचावं. परीक्षेच्या तोंडावर कुणीच वाचू नये.

माझं एम.एस.चं अजून ठरायचंय. फॉर्म भरले आहेत. जायचं ठरलं तर जाईनही. काकांशी मात्र परवा पहिल्यांदा वर्कशॉपच्या हिशेबाबद्दल बोलले. कुठल्या मशीनवर किती काम होतं, ते त्यांनी वही काढून दाखवलं. बाबा बाजूला पेपर वाचत बसले होते, पण पान काही उलटत नव्हते! यातून काय होईल माहीत नाही.

तुम्हाला सांगायचं ते इतकंच. ‘जेड सिटी’ जरूर वाचा. आणि वाचून झाली की घरातल्या अशा एखाद्या माणसाला ती मराठीत सांगून बघा, ज्याला ती वाचता येणार नाही. शब्द अडतील, अडू देत. समोरचं माणूस पुरवेल. आमच्याकडे दुसरा भाग सुरू झालाय. आजीचा डोळा आता ठणठणीत आहे, टीव्ही बघायला परवानगी आहे, तरी दर रविवारी संध्याकाळी हॉस्टेलवर फोन येतो. “हां, सांग. वेनचं पुढं काय झालं?”